पितळी डबा आणि आवाजाचा हिशेब

बँकेच्या नोकरीत बदलीचा आदेश हा वळवाच्या पावसासारखा असतो. तो येणार हे सर्वांना ठाऊक असते. केव्हा येईल हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. काही वर्षांपूर्वी मला असाच आदेश आला आणि पुण्याहून माझी रवानगी थेट कावेरीच्या काठी, तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे झाली. शहरात मनाजोगते घर मिळेना, म्हणून तीन-चार किलोमीटरवरील दारासुरम् येथे बिऱ्हाड थाटले. रेशमी वस्त्रे विणणाऱ्या सौराष्ट्र समाजाची ही जुनी वस्ती. सकाळी जाग येई ती हातमागांच्या लयबद्ध खटखटाटाने, आणि संध्याकाळ सरे ती ऐरावतेश्वराच्या प्राकारात.

सामानाबरोबर माझा जुना संगीतसंचही आला होता. सीडी प्लेअर, टेपडेक, प्रीॲम्प्लिफायर, पॉवर ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. दरवर्षीच्या बोनसमधून एकेक करून जमवलेला हा संसार. त्याबरोबर एका रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट होती. माझ्या आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या मी 1980 च्या दशकात घरीच ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आई आता नाही. जे काही उरले आहे ते त्या फितीवर.

दारासुरमला येऊन दोन महिने होतात न होतात तोच संचाने असहकार पुकारला. गाणे सुरू होण्याआधीच स्पीकरमधून गुणगुण ऐकू येई आणि बटण फिरवताच करकर होई. एका तंत्रज्ञाने तपासून सांगितले की दोष प्रीॲम्प्लिफायरमध्ये आहे, तो आता दुरुस्तीपलीकडे गेला असून नवा घेणे श्रेयस्कर. नव्याची किंमत ऐकून मी गप्प बसलो. मुलीच्या शिक्षणाचे हप्ते सुरू होते.

शेजारचे मास्तर

आमच्या शेजारी एक निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक राहत. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. ते तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापली आणि त्यानंतर जी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली, त्यांपैकी एकाचे हे वंशज. 1855 मध्ये ते राज्य खालसा झाले. परंतु घरातील भाषा टिकली. मास्तरांच्या मराठीत जुनी वळणे आणि तमिळ शब्द एकत्र नांदत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांविषयी ते जितक्या आस्थेने बोलत, तितक्याच आस्थेने रेडिओच्या सर्किटविषयीही.

एका संध्याकाळी आम्ही मंदिरात बसलो होतो. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाच्या काळी बांधलेले हे मंदिर 2004 पासून जागतिक वारसास्थळांत गणले जाते. रथासारखा घडवलेला त्याचा मंडप, त्याची चाके आणि घोडे पाहायला लांबून लोक येतात. प्रवेशापाशी बलिपीठाच्या पायऱ्या आहेत. त्या दगडी पायऱ्यांवर आघात केला असता निरनिराळे स्वर उमटतात अशी त्यांची ख्याती. आता त्यांच्या रक्षणासाठी जाळी लावलेली आहे आणि ते योग्यच आहे. मी माझे गाऱ्हाणे सांगितले, तेव्हा मास्तरांनी त्या पायऱ्यांकडे बोट दाखवले.

“साहेब, या दगडाला वीज लागत नाही. हाताने जेवढा जोर दिला, तेवढ्यातूनच तो स्वर देतो. स्वतःच्या पदरचे काही घालत नाही. तुमच्या यंत्रात मुळात जोर किती आहे आणि हवा किती आहे, हा हिशेब तुम्ही कधी केला आहे का?”

आयुष्य हिशेबात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारावा! मी निरुत्तर झालो.

प्रीॲम्प्लिफायर नेमके करतो काय?

वाचकांपैकी अनेकांच्या घरी संगीतसंच असेल; पण त्याच्या पोटात काय चालते याचा विचार क्वचितच होतो. म्हणून थोडे मुळापासून सांगतो. ॲम्प्लिफायर म्हणजे विद्युतसंकेत मोठा करणारे यंत्र. पॉवर ॲम्प्लिफायर स्पीकर हलवण्याइतकी शक्ती पुरवतो. त्याच्या आधी येतो तो प्रीॲम्प्लिफायर. त्याची मुख्य कामे तीन: सीडी, टेप, रेडिओ यांतून हवे ते साधन निवडणे, आवाज कमी-जास्त करणे, आणि आलेला संकेत दुबळा असेल तर त्याला वाढवणे.

हे तिसरे काम एके काळी अत्यावश्यक होते. ग्रामोफोनच्या तबकडीवर फिरणाऱ्या सुईतून निघणारा संकेत एका व्होल्टच्या काही हजारांश भागाइतका, साधारण 5 मिलिव्होल्ट असतो. तो शेकडो पटींनी वाढवल्याशिवाय पुढे काही घडतच नाही. शिवाय तबकडी कापताना मंद्र स्वर दाबून आणि तार स्वर उचलून ठेवलेले असतात. ते पूर्ववत करावे लागतात. म्हणून प्रीॲम्प्लिफायरविना संच ही कल्पनाच कोणी करीत नसे.

पुढे 1982 मध्ये सीडी बाजारात आली आणि चित्र पालटले. सीडी प्लेअरमधून पूर्ण आवाजाच्या वेळी साधारण 2 व्होल्टचा संकेत निघतो. माझ्या पॉवर ॲम्प्लिफायरच्या पुस्तिकेत लिहिले होते की 1 व्होल्ट मिळाला की तो आपली संपूर्ण 50 वॅट शक्ती देतो. म्हणजे साधनाकडे गरजेच्या दुप्पट जोर आधीच होता! त्यातही घरातल्या खोलीत गाणे ऐकायला 50 वॅट लागतात कोठे? एखादा वॅट पुष्कळ होतो. शक्ती ही व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एका वॅटसाठी लागतो तो केवळ 0.14 व्होल्ट, म्हणजे उपलब्ध संकेताचा चौदावा हिस्सा.

दहा पटींनी वाढवणारा नेहमीचा प्रीॲम्प्लिफायर येथे काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. आवाजाचे बटण त्या 2 व्होल्टना प्रथम 0.014 व्होल्टपर्यंत उतरवते आणि मग त्याच्या आतील सर्किट ते दहापट करून 0.14 वर आणते.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर असे समजा की एका खातेदाराच्या बचत खात्यात दोन लाख रुपये शिल्लक आहेत आणि त्याला गरज आहे चौदा हजारांची. हे गृहस्थ खात्यातून चौदाशे रुपये काढतात आणि उरलेल्या बारा हजार सहाशे रुपयांसाठी कर्जाचा अर्ज भरतात! कर्ज मिळेल, पण त्यावर व्याज पडेल. विद्युतसर्किटातील हे व्याज म्हणजे त्याची स्वतःची सूक्ष्म खरखर आणि संकेतात होणारी किंचित विकृती. उत्तम प्रीॲम्प्लिफायरमध्ये हे व्याज इतके अल्प असते की कानाला जाणवतही नाही. जुन्या किंवा बिघडलेल्या यंत्रात मात्र ते मुद्दलाहून जड होते. माझे तेच झाले होते.

पितळी डब्यातील यंत्र

यावर मास्तरांनी सुचवलेला उपाय म्हणजे पॅसिव्ह प्रीॲम्प. पॅसिव्ह म्हणजे निष्क्रिय; स्वतः काहीही न वाढवणारा. त्याला विजेची जोडणी नसते, ट्रान्झिस्टर नसतो, व्हॉल्व्ह नसतो. त्यात असते एक निवडीची कळ आणि एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवता येणारा विद्युतरोध. फिरत्या पट्टीने संकेताचा हवा तेवढा भाग पुढे जातो.

पुढच्या रविवारी आम्ही कुंभकोणमच्या बाजारात गेलो. हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तेथून झाकणाचा एक पितळी डबा घेतला. धातूचा डबा हौसेखातर नव्हे. तो योग्य रीतीने जोडला की आसपासच्या विजेच्या तारांचा उपद्रव आतील संकेताला कमी होतो. मास्तरांनी त्याला भोके पाडली, 10 किलोओहमचा दुहेरी पोटेन्शिओमीटर बसवला, सॉकेट जोडले आणि कथलाचे सांधे दिले. कान आवाजाची वाढ समान पायऱ्यांनी नव्हे, तर पटींनी मोजतो. म्हणून त्यांनी साधा नव्हे, तर लॉगरिदमिक चढाचा पोटेन्शिओमीटर निवडला. साध्यामध्ये बटण जरासे फिरताच आवाज अंगावर येतो.

रात्री संच जोडला. बटण शून्यावर ठेवून सुरू केला, तेव्हा प्रथम जाणवली ती शांतता. गुणगुण नाही, करकर नाही. मग पंडित भीमसेन जोशी यांची एक जुनी सीडी लावली. मुख्य स्वर सुरू होण्यापूर्वीचा तंबोरा खोलीत हळूहळू पसरला आणि मध्यंतरी जो धुरकटपणा आला होता तो नाहीसा झाल्यासारखे वाटले. मी भारावून काही बोलणार, तोच मास्तर म्हणाले, “आजारी माणसाशी शर्यत लावून जिंकलो, यात पराक्रम कसला? तुमचा प्रीॲम्प धडधाकट असता तर फरक थोडा असता. पण गरज नसलेला एक दुवा वगळला, एवढे खरे.” त्यांचा हा प्रामाणिकपणा मला त्या यंत्राइतकाच मोलाचा वाटला.

देणारा आणि घेणारा

मात्र असा डबा कोणत्याही दोन यंत्रांमध्ये ठेवून चालत नाही. त्याच्या काही अटी आहेत आणि त्या न पाळल्यास पैसे वाचण्याऐवजी आवाज बिघडतो.

पहिली अट इम्पिडन्सची. बदलत्या विद्युतप्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाला इम्पिडन्स म्हणतात. संकेत देणाऱ्या यंत्राचा इम्पिडन्स कमी आणि घेणाऱ्याचा जास्त, किमान दहापट असावा. दोन्ही समान असतील तर अर्धा संकेत वाटेतच खर्ची पडतो. दहापट असेल तर केवळ अकरावा हिस्सा. नेहमीचा प्रीॲम्प्लिफायर येथे मध्यस्थाचे काम चोख बजावतो: तो समोरून फारसे मागत नाही आणि पुढे मात्र सहज देतो. पॅसिव्ह प्रीॲम्पला ही मध्यस्थी जमत नाही. 10 किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचा बाहेरील बाजूचा इम्पिडन्स वाईटात वाईट स्थितीत साधारण अडीच किलोओहम होतो. माझा ॲम्प्लिफायर 47 किलोओहमचा होता, म्हणून निभावले. घेणाऱ्याचा इम्पिडन्स 10 किलोओहमच असता तर गणित बिनसले असते.

दुसरी अट तारेच्या लांबीची. ध्वनिसंकेत वाहणारी तार एक प्रकारे धारकाचे, म्हणजे कपॅसिटरचे काम करते. दर मीटरला 100 पिकोफॅरड हे नेहमी आढळणारे प्रमाण. तार आखूड असेल तर त्याचा उपद्रव होत नाही. पण कोणी 100 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर वापरून पुढे पाच मीटर तार टाकली, तर मधल्या स्थितीत साधारण 12,700 हर्ट्झच्या वरचे तार स्वर गळू लागतात. घुंगरांची आणि झांजांची झळाळी उतरते. आमच्या डब्यात एक मीटर तारेने हीच मर्यादा सहा लाख हर्ट्झच्या पलीकडे गेली. माणसाचा कान 20,000 हर्ट्झच्या वर ऐकत नाही. तेव्हा चिंता नव्हती. म्हणून डबा ॲम्प्लिफायरच्या शेजारीच ठेवावा.

तिसरी गोष्ट भागांच्या दर्जाची. स्वस्त दुहेरी पोटेन्शिओमीटरच्या दोन पट्ट्या तंतोतंत जुळत नाहीत. परिणामी बटण सुरुवातीला असताना गायक डावीकडे किंवा उजवीकडे सरकल्यासारखा भासतो. यावर उपाय म्हणजे टप्प्याटप्प्यांचा ॲटेन्युएटर. त्यात प्रत्येक टप्प्यासाठी मोजून निवडलेले स्वतंत्र रोध असतात. आणखी खर्चाची तयारी असेल तर ट्रान्सफॉर्मरवर आधारित प्रकारही मिळतो. तो संकेत निम्मा करतो तेव्हा देणाऱ्या यंत्राचा इम्पिडन्स पुढच्या यंत्राला एक-चतुर्थांश भासतो. म्हणून वरील दोन्ही अटी पुष्कळ सैल होतात. मात्र तो महाग असतो आणि इतर यंत्रांच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवला नाही तर गुणगुण उचलतो.

जेथे डबा हरला

या आनंदात आठवडा गेला. मग एका संध्याकाळी मी रुमाल सोडला आणि आईची कॅसेट डेकमध्ये घातली.

काहीच ऐकू येईना. बटण पुढे नेत नेत अखेरच्या टोकाला नेले, तेव्हा पंख्याच्या घरघरीमागे कोठेतरी आईचा आवाज असल्यासारखा वाटला. पंखा बंद केला. ओवी ऐकू येत होती. पण शब्द हाती लागत नव्हते. मला एकदम अपराध्यासारखे वाटले. नव्या डब्याच्या कौतुकात मी जुना प्रीॲम्प्लिफायर भंगारात देण्यासाठी दारापाशी काढून ठेवला होता.

मास्तरांना बोलावले. त्यांनी डेकची पुस्तिका पाहिली, काटा पाहिला आणि कारण सांगितले. टेपडेकचा संकेत सीडीच्या मानाने पाच-सहा पटींनी लहान. त्यात ध्वनिमुद्रण करताना आई मायक्रोफोनपासून दूर बसली होती आणि पातळीचा काटा जेमतेम हलला होता. त्यामुळे डब्यापर्यंत पोहोचत होता तो व्होल्टचा शंभरावा भाग. शिवाय डेकला पुढे 50 किलोओहमचा भार अपेक्षित होता. आमच्या डब्याचा भार होता 10 किलोओहम. जे मुळात थोडे होते, त्यातलेही काही वाटेत खर्ची पडत होते. “हा डबा कमी करू शकतो, वाढवू शकत नाही,” मास्तर म्हणाले. “सीडीजवळ शिल्लक होती, तिला कर्ज नको होते. या फितीजवळ शिल्लकच नाही. हिला द्यायला हवे.”

दारापाशी ठेवलेला जुना प्रीॲम्प्लिफायर पुन्हा आत आला. मास्तरांनी तो उघडला. त्यातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकले होते. गुणगुणीचे मूळ तेच. कुंभकोणमच्या एका छोट्या दुकानातून नवे कपॅसिटर आणले, बटणाच्या मार्गावरील काजळी साफ केली. दुरुस्तीपलीकडे गेलेले यंत्र दोन रविवारांत बोलते झाले. मग त्याची जागा ठरली: तो फक्त टेपडेकच्या पुढे बसेल, दुबळा संकेत वाढवेल आणि पितळी डब्याच्या दुसऱ्या सॉकेटकडे देईल. सीडीचा मार्ग मात्र थेट, मध्यस्थाशिवाय.

त्या रात्री आई पहिल्यांदा दारासुरमच्या घरात गायली. संकेताबरोबर फितीची सळसळही वाढली होती. ते टाळता येण्यासारखे नव्हते. पण त्या सळसळीतून जात्याची घरघर आणि प्रत्येक शब्द स्पष्ट येत होता. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या आजीच्या तोंडी असेच काही असे, एवढेच म्हणाले आणि उठून गेले. दुसऱ्याच दिवशी मी त्या कॅसेटची संगणकावर प्रत करून घेतली. फिती कायम टिकत नाहीत; ज्यांच्या घरी अशा कॅसेट असतील त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

आपल्या घरी करावयाचे असल्यास

आज अनेकांचे संगीत संगणकातून किंवा मोबाइलमधून, डिजिटल संकेताचे रूपांतर करणाऱ्या डॅक या उपकरणामार्फत येते. पुष्कळ डॅकमधून 2 व्होल्ट मिळतात आणि कित्येकांत आवाजाचे बटणही असते. तसे असल्यास आणि साधन एकच असल्यास वेगळ्या प्रीॲम्पची गरज आहे का, हे आधी पाहावे. पॅसिव्ह प्रीॲम्प घ्यायचा किंवा करायचा असल्यास पुस्तिकांतील चार आकडे कागदावर मांडावेत: साधनाचे व्होल्ट, साधनाचा इम्पिडन्स, ॲम्प्लिफायरला पूर्ण शक्तीसाठी लागणारे व्होल्ट आणि ॲम्प्लिफायरचा इम्पिडन्स. साधनाचे व्होल्ट गरजेहून अधिक, ॲम्प्लिफायरचा इम्पिडन्स 20 ते 50 किलोओहम किंवा अधिक आणि तार मीटर-दीड मीटर असेल, तर निर्धास्त पुढे जावे. ग्रामोफोन असेल तर त्याचा फोनो प्रीॲम्प्लिफायर मात्र हवाच. त्याला पर्याय नाही.

दोन खबरदारीच्या सूचना. संच सुरू करताना बटण नेहमी शून्यावर असावे. कारण साधनाचा पूर्ण जोर थेट स्पीकरवर आल्यास ते जळू शकतात. दुसरे, एखाद्या सदोष साधनातून एकदिश विद्युतदाब बाहेर येत असेल तर साधा पॅसिव्ह डबा तो अडवीत नाही. म्हणून जुने यंत्र जोडण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

पुढे माझी पुन्हा बदली झाली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांबरोबर ऐरावतेश्वराच्या दर्शनाला गेलो. बलिपीठापाशी एक लहान मुलगा जाळीतून पायऱ्यांकडे पाहत होता आणि त्या आता का गात नाहीत, असे बहुधा वडिलांना विचारत होता. मास्तर हसले. हात लागल्याशिवाय दगड काय गाणार!

शाखेत कर्जाचा अर्ज समोर आला की मला हल्ली तो पितळी डबा आठवतो. अर्जदाराजवळ मुळात काय आहे आणि त्याला खरोखर किती हवे आहे, हे विचारल्याखेरीज मी पुढचे पान उलटत नाही.